रोज एक वाक्य

तक्त्यावर लिहिलंय:
रुग्णाकडून रोज एक वाक्य लिहून घ्यावं.
अक्षर बिघडलं, तर झुंज मेंदूपर्यंत पोचली समजावं
आणि रात्रीच्या डॉक्टरनं झोपू नये.
(हे शेवटचं माझं.)

पोशव्वा म्याकल, वय बावन्न, राहणार विडी घरकुल,
पेन बोटांत धरून बघते, परत देते.
"येत नाही, बाई."
संमतीपत्रावरही अंगठाच होता.
त्या अंगठ्याला चाळीस वर्षांचा घट्टा.

एप्रिलच्या शेवटी तिच्या पेशी परत आल्या.
याच हातातून काढून
मुंबईला धाडल्या होत्या शिकायला:
कोणाला ओळखायचं, कोणावर तुटून पडायचं.
"मला कुणी शाळेत घातलं नाही," ती म्हणाली,
"रक्त बाकी शिकून आलं."

टाकी उतरवली तेव्हा होटगी रोडवर चव्वेचाळीस होतं,
डांबर चपलेला धरत होतं,
आणि टाकीत उणे दीडशेच्याही खाली.
ड्रायव्हरनं सही घेतली, पाणी मागितलं.
पाणी त्या सकाळी चार दिवसांनी आलं होतं.
सिस्टर अंजुम पिंप भरून आली,
पंधरा मिनिटं उशिरा. मी काही बोलले नाही.

पिशवी पाव लिटर दुधाच्या पिशवीहून लहान.
वितळवली, टांगली, दहा मिनिटांत संपली.
मुलगा अंबादास, चादरीच्या कारखान्यात
नक्षीची कार्डं लावणारा, काचेबाहेरून म्हणाला,
"एवढंच?"
एवढंच.
खोलीत लसणाचा वास सुटला,
पेशी गोठताना फुटू नयेत म्हणून घातलेल्या द्रवाचा.
तिनं डोळे मिटूनच विचारलं,
चटणी कुणी कुटली?

मग लिहिण्याचं काय करायचं?
टेंभुर्णीचं पान या खोलीत चालत नाही,
तंबाखूचं तर नावच नको.
अंजुमनं ईसीजीच्या कोऱ्या कागदाचे
पानाएवढे तुकडे कापले, टाक्यांचा दोरा दिला.
पहिल्या दिवशी तिनं हाताकडे बघितलंसुद्धा नाही.
गुंडाळलं, तोंड मोडलं, दोरा बांधला:
गुलाबी चौकटींची विडी, पोटात काही नसलेली.

शंभरपासून दहा-दहानं उलटं मोजा, म्हटलं.
दहानं नाही येत. पंचवीसनं येतं, कट्टा पंचवीसचा.
शंभर, पंच्याहत्तर, पन्नास, पंचवीस.
"मग?"
"मग घरी."

तिसऱ्या रात्री ताप, एकशे चार.
तापाचीच वाट बघतो आम्ही, आणि तापालाच भितो.
तीन नंबरच्या खाटेवर गेल्या दिवाळीत
बार्शीचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता.
ताप त्यालाही आला होता.
अक्षर शेवटपर्यंत सुरेख होतं.
त्याच्याबद्दल मला इथे लिहायचं नाही.

पाचव्या पहाटे कागद फाटला.
तिनं दुसरा घेतला. तोही.
मग दोरा बोटालाच गुंडाळत राहिली, बोटच बांधत राहिली,
आणि मला अम्मा म्हणून हाक मारली,
एकदा, दोनदा.
मी ओ दिली. स्टेरॉइड सुरू केलं.
लांब कुठेतरी रात्रपाळीचे माग चालू होते.
शंभरात एक बंद पडला तरी
कान तयार असलेल्याला कळतं म्हणे.
मी खुर्ची ओढून ऐकत बसले.

आठव्या दिवशी जमली. सैल, पण जमली.
नवव्या दिवशी तिनं कागद माझ्यापुढे सरकवला.
"तुम्ही करा."
बुडालेल्या शिरा मला अंधारातही सापडतात.
कागद चुरगळला, दोरा निसटला, तोंड उघडंच राहिलं.
तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली,
कारखान्यातला तपासनीस धरतो तशी,
आणि बाजूला टाकली.
"छाट."

तिसाव्या दिवशी स्कॅन आहे.
तोवर मला काहीच माहीत नाही.
केसपेपरवर भरलं: ताप नाही. भान शाबूत.
लेखनाच्या रकान्यात
तिची विडी चिकटपट्टीनं लावली.